पैशांचा ब्राउझर वेगळा, भटकंतीचा वेगळा

क्रोमला पर्याय काय, असे विचारणारी पत्रे गेल्या काही महिन्यांत वाढली आहेत. त्यांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : क्रोममधले यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) बंद पडले आणि बातम्या वाचणे नकोसे झाले. फायरफॉक्स, ब्रेव्ह, व्हिवाल्डी, ऑपेरा यांत सर्वांत सुरक्षित कोणता? घरच्या एकाच लॅपटॉपवर वाचन आणि बँक दोन्ही चालते. – एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी एक गल्लत दूर करू. एज, ब्रेव्ह, व्हिवाल्डी आणि ऑपेरा हे चारही क्रोमियम या गूगलच्या खुल्या कोडवर बांधलेले आहेत. इंजिन क्रोमचेच, बॉडी निराळी. क्रोमियममध्ये भोक सापडले की ते या सगळ्यांत असते. प्रश्न एवढाच उरतो की ठिगळ कोण आधी लावतो. क्रोमला ऑगस्ट 2023 पासून सुरक्षेचे अपडेट दर आठवड्याला येतात. ठिगळ जाहीर झाले की भोक कुठे होते हे हल्लेखोरांनाही कळते, म्हणून मधले दिवस धोक्याचे. क्रोमियमवरचा ब्राउझर निवडताना त्याची शेवटची आवृत्ती कोणत्या तारखेला आली ते बघा. महिनाभरात काहीच आले नसेल तर तो ब्राउझर कितीही देखणा असो, नको. फायरफॉक्सचे गेको इंजिन मात्र स्वतंत्र आहे.

यूब्लॉक ओरिजिन का बंद पडले? जुन्या व्यवस्थेत पानाकडून जाणारी प्रत्येक विनंती हे एक्स्टेन्शन स्वतः तपासायचे आणि जाहिरातीची असेल तर तिथल्या तिथे रोखायचे. मॅनिफेस्ट व्ही3 या नव्या नियमावलीत एक्स्टेन्शनने नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हाती द्यायची आणि अडवण्याचे काम ब्राउझरने करायचे. त्या चौकटीत बसणारे यूब्लॉक ओरिजिन लाइट क्रोमवर मिळते. साध्या वाचनाला ते पुरते, स्वतः बारीक नियम लावणाऱ्याला तोकडे पडते. फायरफॉक्सने जुनी व्यवस्था चालू ठेवली आहे, म्हणून मूळ यूब्लॉक ओरिजिन तिथे पूर्ण ताकदीने चालते.

तेव्हा वाचनासाठी फायरफॉक्स घ्या. अ‍ॅड-ऑन्समध्ये शोधताना नाव पूर्ण वाचा : यूब्लॉक ओरिजिन, कर्ता रेमंड हिल. 'ओरिजिन' नसलेले नुसते यूब्लॉक हे वेगळेच प्रकरण आहे. मग सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी इथे जाऊन एन्हान्स्ड ट्रॅकिंग प्रोटेक्शन 'स्ट्रिक्ट' करा आणि एचटीटीपीएस-ओन्ली मोड (फक्त बंदिस्त जोडणी) सुरू करा. स्ट्रिक्टमुळे एखाद्या ठिकाणी लॉगिनची किंवा पैसे भरण्याची खिडकी उघडत नाही. अशा वेळी सगळे संरक्षण काढून टाकू नका. पत्त्याच्या डावीकडच्या ढालीच्या चिन्हावर टिचकी मारून तेवढ्या संकेतस्थळापुरते ते बंद करा.

ब्रेव्हही चांगला आहे. त्याचा जाहिरात-रोधक ब्राउझरच्या पोटातच आहे, त्यामुळे एक्स्टेन्शनचे नियम बदलले तरी त्याला धक्का लागत नाही. बसवल्यावर रिवॉर्ड्स, वॉलेट आणि न्यूज ही बटणे लपवून टाका. क्रिप्टोचा तो पसारा घरच्या वापरात काही कामाचा नाही. 2020 मध्ये ब्रेव्ह काही क्रिप्टो संकेतस्थळांच्या पत्त्यांमागे आपला कमिशनचा कोड परस्पर जोडत असल्याचे उघड झाले होते. टीका झाल्यावर ते थांबले, पण निवड करताना ते माहीत असावे. व्हिवाल्डी घ्यायचा तो सोयींसाठी : टॅबची चळत लावणे, एका खिडकीत दोन-चार पाने शेजारी शेजारी उघडणे, नोंदी, ईमेल. दिवसभर पन्नास टॅब उघडे ठेवून काम करणाऱ्याला तो खरेच आवडेल. 4 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर जड जाईल.

बँकेसाठी वेगळा ब्राउझर ठेवा. विंडोजबरोबर आलेला एज चालेल, क्रोम चालेल. अट एकच, त्यात एकही एक्स्टेन्शन नको. कारण साधे आहे. 'सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे' ही परवानगी घेतलेले एक्स्टेन्शन बँकेचे पानही वाचू शकते. आज सज्जन असलेले एक्स्टेन्शन उद्या विकले जाते आणि नव्या मालकाचा कोड अपडेटमधून गुपचूप येतो. या ब्राउझरमध्ये बँकेचा पत्ता एकदा नीट तपासून बुकमार्क करा आणि दर वेळी तिथूनच जा. रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यावर यायला सांगितले होते. पत्त्याच्या शेवटाकडे आता आवर्जून पाहा. सुरुवातीला बँकेचे नाव कोणीही लावू शकतो, शेवट तसा लावता येत नाही.

प्रश्न : आम्ही करसल्लागार आहोत. ब्राउझर बदलल्यापासून जीएसटी पोर्टलवर डीएससी, म्हणजे डिजिटल सही, लागत नाही. सहीसाठी लागणारे एमसाइनर सॉफ्टवेअर चालू दिसते, सहीचे यूएसबी टोकन लावलेले आहे, तरी एरर. शिवाय एका वेळी दोन-तीन पक्षकारांची खाती उघडी ठेवता येतील का? – करसल्लागार कार्यालय, कोल्हापूर

उत्तर : यूएसबी टोकनला ब्राउझर थेट हात लावू शकत नाही. म्हणून एमसाइनर तुमच्याच संगणकावर एक छोटा सर्व्हर चालवते आणि पोर्टलचे पान त्याच्याशी 127.0.0.1:1585 या पत्त्यावर बोलते. 127.0.0.1 म्हणजे हाच संगणक, बाहेरचा कोणी नाही. घोडे कुठे अडले ते शोधायला नवा टॅब उघडा, पुढे एचटीटीपीएस लावून हाच पत्ता टाका आणि काय दिसते ते पाहा.

'कनेक्ट होऊ शकत नाही' असे आले तर एमसाइनर चालू नाही, चिन्ह दिसत असले तरी. घड्याळाशेजारच्या चिन्हावरून ते बंद करा आणि 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून पुन्हा सुरू करा.

प्रमाणपत्राचा इशारा आला तर 'अ‍ॅडव्हान्स्ड' दाबून 'रिस्क स्वीकारून पुढे जा' निवडा. फायरफॉक्समध्ये बहुतेकांचे इथेच अडते. हा इशारा ओलांडणे फक्त याच पत्त्यासाठी ठीक आहे, कारण समोर तुमचाच संगणक आहे. बँकेच्या किंवा पोर्टलच्या पानावर असा इशारा आला तर काम तिथेच थांबवा, आणि ही गोष्ट कार्यालयातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

पत्ता विनातक्रार उघडतो, तरी पोर्टल एरर देते, असे असेल तर बहुधा ब्राउझरमध्ये परवानगी नाकारली गेली आहे. क्रोमच्या 2025 च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून एखादे संकेतस्थळ स्थानिक नेटवर्कवरच्या उपकरणांशी किंवा याच संगणकावरच्या प्रोग्रामशी बोलू लागले की ब्राउझर विचारतो. अनोळखी विचारणा दिसली की 'ब्लॉक' दाबायचे, ही चांगलीच सवय. पण या एका ठिकाणी ती आड येते आणि एकदा ब्लॉक केल्यावर ब्राउझर पुन्हा विचारत नाही. पोर्टलच्या पानावर पत्त्याच्या डावीकडचे चिन्ह दाबा, साइट सेटिंग्जमध्ये लोकल नेटवर्कची परवानगी 'अलाउ' करा आणि पान नव्याने उघडा. ब्रेव्हमध्ये ही वाट त्याच्याही आधीपासून अडवलेली असते, म्हणून डीएससीच्या कामाला ब्रेव्ह घेऊ नका. क्रोम, एज किंवा फायरफॉक्स घ्या.

या खटाटोपात टोकनचा पिन अंदाजाने टाकत बसू नका. ठरावीक वेळा चुकला की टोकन लॉक होते आणि मग रिटर्नच्या शेवटच्या दिवशी धावाधाव.

जुने एखादे सरकारी पान फक्त इंटरनेट एक्सप्लोरर मागत असेल तर तो ब्राउझर कुठून तरी शोधून बसवू नका. तो 15 जून 2022 रोजी बंद झाला. एजमध्ये सेटिंग्ज, डीफॉल्ट ब्राउझर इथे 'इंटरनेट एक्सप्लोरर मोड' अलाउ करा, एज बंद करून उघडा, आणि तिथल्याच 'इंटरनेट एक्सप्लोरर मोड पेजेस' या यादीत त्या पानाचा पत्ता जोडून पान पुन्हा उघडा. पान 30 दिवसच यादीत राहते. महिन्याने 'काल चालत होते, आज नाही' असे झाले की कारण हेच.

एका वेळी अनेक खात्यांसाठी फायरफॉक्सचे मल्टी-अकाउंट कंटेनर्स हे मोझिलाचे स्वतःचे एक्स्टेन्शन बसवा. प्रत्येक पक्षकारासाठी एक कंटेनर, प्रत्येकाला वेगळा रंग. निळ्या टॅबमध्ये एकाचे लॉगिन, नारिंगीत दुसऱ्याचे. कुकीज, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी, वेगळ्या राहतात, एकात लॉगिन केल्यावर दुसरा बाहेर फेकला जात नाही. टॅबवरची रंगीत रेघ पाहूनच आकडे भरायचे, म्हणजे एकाची बिले दुसऱ्याच्या खात्यात जात नाहीत. फक्त एवढे ध्यानात ठेवा : साठवलेले पासवर्ड आणि हिस्टरी सगळ्या कंटेनरांना सामाईकच.

प्रश्न : वाचनालयातल्या संगणकावर विंडोज 7 आहे. त्यावर कोणता ब्राउझर सुरक्षित? – ग्रंथपाल, जालना जिल्हा

उत्तर : पैशांच्या किंवा आधारच्या कामासाठी एकही नाही. क्रोमची 109 ही जानेवारी 2023 ची आवृत्ती विंडोज 7 साठी शेवटची. फायरफॉक्सची 115 ईएसआर (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) ही शेवटची शाखा. मोझिलाने तिची मुदत पुनःपुन्हा वाढवली, पण ब्राउझरखालची विंडोज जानेवारी 2020 पासून सामान्य वापरकर्त्यांसाठी उघडी पडली आहे, ती ब्राउझर झाकू शकत नाही. संगणक 64 बिटचा आणि 4 जीबी रॅमचा असेल तर लिनक्स मिंट घाला. 8 जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, आणि बसवण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालवून वाय-फाय आणि प्रिंटर लागतो का ते पाहता येते. फायरफॉक्स त्यात आधीच असतो. वाचक येऊन-जाऊन असतात, तेव्हा 'फायरफॉक्स बंद होताना हिस्टरी पुसा' ही सेटिंग सुरू करा, म्हणजे एकाचे लॉगिन पुढच्याच्या हाती लागणार नाही.

प्रश्न : आईच्या फोनवर सतत 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस' असे संदेश येतात. यूसी ब्राउझर आहे, कोणीतरी फाइल पाठवून टाकून दिलेला. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : यूसी ब्राउझर आजच काढा. 29 जून 2020 रोजी सरकारने बंदी घातलेल्या 59 अ‍ॅपमध्ये तो होता. हाताने टाकलेली जुनी फाइल प्ले स्टोअरमधून अपडेट होत नाही.

ते संदेश मात्र ब्राउझर काढूनही थांबतीलच असे नाही, कारण तसेच संदेश क्रोममधूनही येतात. कुठल्याशा पानाने 'नोटिफिकेशन पाठवू का' असे विचारले आणि 'अलाउ' दाबले गेले. व्हायरस फोनमध्ये नसतो, तो जाहिरातीचा मजकूर असतो. संदेशावर बोट दाबून धरा, तो कोणत्या अ‍ॅपचा आहे ते दिसते. क्रोमचा असेल तर सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथली परवानगी दिलेली यादी उघडा, अनोळखी नावे काढा आणि वरची विचारणाच बंद करून टाका.

अँड्रॉइड फोनवरच्या क्रोमला एक्स्टेन्शन जोडता येत नाहीत. आईंसाठी ब्रेव्ह सोपा, काही करावे लागत नाही. फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन बसते, पण ते आपण बसवून द्यायला हवे. आयफोन असता तर हा विचारही निराळा : भारतात आयफोनवर कोणताही ब्राउझर घेतला तरी आत सफारीचे वेबकिट इंजिनच असते.

प्रश्न : पासवर्ड ब्राउझरमध्ये ठेवावेत का? आणि क्रोममधून फायरफॉक्समध्ये न्यायचे कसे? ऑपेराचा मोफत व्हीपीएन (आपला इंटरनेट पत्ता लपवणारी सेवा) बँकेसाठी वापरू का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : शेवटचे आधी. नको. तो फक्त ब्राउझरपुरता चालतो, बँकेचे पान एचटीटीपीएसने आधीच बंदिस्त असते, आणि परका पत्ता दिसला की बँक उलट अडवू शकते.

पासवर्ड ब्राउझरमध्ये ठेवणे हे एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरण्यापेक्षा कितीतरी बरे. खोट्या पानावर ब्राउझर पासवर्ड आपोआप भरत नाही, हाही एक पहारा आहे. फायरफॉक्समध्ये 'प्रायमरी पासवर्ड' लावा. तो नसेल तर उघड्या संगणकावर बसलेला कोणीही साठवलेल्या पासवर्डांनी तुमच्या खात्यांत शिरू शकतो. बँकेचा पासवर्ड मात्र साठवू नका.

नेताना बुकमार्क थेट येतात. पासवर्डसाठी क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमधून सीएसव्ही फाइल उतरवा आणि फायरफॉक्सच्या पासवर्ड्स पानावरच्या तीन ठिपक्यांतून 'इम्पोर्ट फ्रॉम अ फाइल' करा. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा : संकेतस्थळ, स्वल्पविराम, वापरकर्त्याचे नाव, स्वल्पविराम, आणि पुढे उघडावाघडा पासवर्ड. एकेक ओळ अशी. म्हणून ती डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये ठेवू नका. वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर मिनिटाभरात तिची प्रत वर गेलेली असते. स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपने पाठवू नका. दोन-चार ठिकाणी लॉगिन होते याची खात्री करा, फाइल शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबून पुसा, आणि मग क्रोममधले साठवलेले पासवर्ड काढा. खात्री होण्याआधी क्रोममधून काहीही पुसू नका. आणि क्रोममध्ये सिंक चालू असेल तर तिथून पुसलेला पासवर्ड फोनमधूनही जातो, तेव्हा आधी फोनवर फायरफॉक्स टाकून तिकडे सगळे पोचले आहे का ते बघा.