पहिला वॉकीटॉकी घेण्याआधी

गोदामातल्या माणसांना आपसात बोलायला वॉकीटॉकी हवेत; न्यू जर्सीतलं हे गोदाम एकाच इमारतीत आहे आणि माणसं सात-आठ, म्हणालात. मग परवान्याच्या भानगडीत आत्ता पडूच नका. एफआरएस (फॅमिली रेडिओ सर्व्हिस) या कमी ताकदीच्या रेडिओ सेवेचे साधे सेट किंवा मुर्स (मल्टी-यूज रेडिओ सर्व्हिस) या तशाच सेवेचे 2 वॅटपर्यंतचे पाच चॅनेल धंद्यालाही विनापरवाना चालतात. मागच्या पत्र्याच्या शेडपर्यंत आवाज पोचतो का, ते आठवडाभर वापरून बघा.

नाहीच भागलं, तर एफसीसी या अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमांतल्या भाग 90 खालचा, म्हणजे धंद्याच्या रेडिओचा परवाना. इथे नवखे हमखास अडकतात ते असे:

- जीएमआरएस या एफआरएसहून जास्त ताकदीच्या, घरगुती वापराच्या रेडिओ सेवेचा परवाना परीक्षेविना, स्वस्तात मिळतो म्हणून घेतात. तो व्यक्तीला मिळतो, कुटुंबीयांनाही चालतो, कंपनीला नाही. हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा तर धंद्यासाठी विचारही नको.
- फ्रिक्वेन्सी मनानेच ठरवतात. आसपास कोण काय वापरतंय हे तपासून ती सुचवायचं काम मान्यताप्राप्त समन्वयकाचं. त्याची फी वेगळी, पण परवान्याचा अर्ज, म्हणजे फॉर्म 601, भरायलाही तो मदत करतो. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.
- परवाना आला की फाइल कपाटात. 12 महिन्यांत यंत्रणा सुरू करून तसं कळवायचं असतं, नाहीतर परवाना जातो!

जुन्या बाजारातले फक्त 25 किलोहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर चालणारे सेट फुकट मिळाले तरी नकोत. 2013 पासून धंद्याचे वॉकीटॉकी चालतात त्या बहुतेक व्हीएचएफ-यूएचएफ फ्रिक्वेन्सी पट्ट्यांत 12.5 किलोहर्ट्झच्या अरुंद चॅनेलची अट आहे.

आणि हो, परवाना घेतला तरी चॅनेल बहुधा सामायिकच असतं. बटण दाबण्याआधी दोन क्षण ऐकायची सवय पोरांना पहिल्या दिवसापासून लावा.

रिपीटरचं, म्हणजे आवाज पकडून पुढे लांब पोचवणाऱ्या यंत्राचं, नंतर बोलू.