सायटोकाइन, म्हणजे एका पेशीने दुसरीला निरोप द्यायला सोडलेलं प्रथिन, पेशीच्या आत जात नाही, तर त्याचा निरोप केंद्रकापर्यंत पोचतो कसा? आणि सायटोकाइनं इतकी, पण त्यांचा निरोप पुढे नेणारी, इतर प्रथिनांना फॉस्फेट लावणारी जॅक एन्झाइमं चारच असताना गोंधळ का होत नाही?

एरिथ्रोपोएटिन, म्हणजे एपो, हे सायटोकाइन घेऊन सांगते. मला हे उदाहरण सगळ्यात स्वच्छ वाटतं. रक्तात ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंडं एपो जास्त सोडतात. अस्थिमज्जेत तांबड्या पेशी घडत असतात, त्यांच्यावरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, ते चिकटतं. हे रिसेप्टर जोडीने काम करतात. प्रत्येकाचं एक टोक पेशीबाहेर, शेपूट आत. त्यांच्यात स्वतःची एन्झाइमची ताकद नसते, म्हणून आतल्या शेपटीला जॅक-२ आधीपासूनच चिकटून बसलेलं असतं. एपो आलं की दोन्ही शेपट्यांची ठेवण बदलते, दोन जॅक समोरासमोर येतात आणि एकमेकांना फॉस्फेट लावून जागे होतात. मग ते शेपटीतल्या टायरोसिन या अमिनो आम्लांनाही फॉस्फेट लावतात. त्या खुणेवर स्टॅट-५ हे निरोप केंद्रकात नेणारं प्रथिन येऊन बसतं, त्यालाही फॉस्फेट लागतं, दोन स्टॅट जोडी करून केंद्रकात शिरतात आणि डीएनएवर बसून जनुकं चालू करतात. त्यांतल्या काही जनुकांमुळे ही पेशी मरायची वाचते. या सगळ्याला काही मिनिटंच लागतात.

पुस्तकं इथे थांबतात, पण मला त्यापुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो: हा निरोप बंद कसा होतो. स्टॅट जी जनुकं चालू करतं, त्यांतच सॉक्स गटाची प्रथिनं असतात, ती उलट येऊन जॅकला दाबतात. शिवाय एसएचपी-१ नावाचं एन्झाइम शेपटीवर बसून फॉस्फेट काढून टाकतं. फिनलंडचे स्कीपटू एरो मँटिरांटा यांच्या रिसेप्टरची शेपूट जन्मतःच आखूड होती, त्यामुळे एसएचपी-१ला बसायची जागाच नव्हती. थोड्याशा एपोवरही तांबड्या पेशी भरपूर बनत. १९६४च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यांनी सुवर्णपदकं जिंकली. हा जनुकीय बदल सापडला १९९३ साली.

जॅक-२मध्येही स्वतःला आवरून धरणारा एक भाग असतो. त्यातलं ६१७ क्रमांकाचं अमिनो आम्ल, व्हॅलिन, बदलून फेनिलअॅलनिन झालं की एपो नसतानाही जॅक चालूच राहतं. २००५ साली हे उघड झालं. पॉलिसायथेमिया व्हेराच्या (तांबड्या पेशी बेसुमार वाढण्याच्या आजाराच्या) सुमारे ९५ टक्के रुग्णांत हाच बदल असतो.

आता गोंधळाचं. जॅक चार, स्टॅट सात, पण कोणत्या पेशीवर कोणता रिसेप्टर आहे आणि तिच्या डीएनएतली कोणती जनुकं उघडी आहेत, यावर निरोपाचा अर्थ ठरतो. काही जॅकचं क्षेत्र मुळात मर्यादित असतं: जॅक-३ इंटरल्युकिन-२, ७, १५ अशा मोजक्या सायटोकाइनांसाठीच लागतं, आणि ते जन्मतः नसेल तर बाळात टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जवळपास बनतच नाहीत. जॅक-२ मात्र बऱ्याच रिसेप्टरना सामाईक आहे. म्हणून जॅक-१ आणि २ दाबणारं रुक्सोलिटिनिब हे औषध मायलोफायब्रोसिसमध्ये (अस्थिमज्जा तंतुमय होण्याच्या आजारात) वाढलेली प्लीहा लहान करतं, पण एपोचा निरोपही त्याच वाटेने जात असल्यामुळे रुग्णाचं हिमोग्लोबिन उतरतं.