ऑफिसच्या पत्त्यावर येणारं टपाल

नवीन नोकरी, भाड्याची खोली, म्हणून बँकेला ऑफिसचा पत्ता देऊन टाकलास ना? बदल तो. ऑफिसच्या पत्त्यावरचं टपाल आधी आवकवाल्यांच्या टेबलावर जातं. तिथला माणूस कागद कंपनीचा समजून पाकीट फोडतो, शिक्का मारतो, नोंदवहीत चढवतो. बहुतेक वेळा त्यात वाईट हेतू नसतो, पण तुझ्या कर्जाची नोटीस तोवर चारजणांनी वाचलेली असते.

अगदीच इलाज नसेल तर पाकिटावर आधी तुझं नाव, मग कंपनीचं, आणि वर ठळक ‘वैयक्तिक’ असं लिहायला सांग. तरीही फोडलं, तर एचआरला ईमेल कर. तोंडी तक्रार हवेत विरते.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला, खरं. पण तो हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध चालतो. खासगी कंपनीपुढे नुसता निकाल दाखवून भागत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही नोकरीच्या कामासाठी आणि कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची सवलत आहे.

आणि कंपनीच्या ईमेलवर डॉक्टरचे रिपोर्ट मागवू नकोस. रुजू होताना सही केलेलं आयटी धोरण काढून वाच, देखरेखीचं कलम बहुधा त्यात सापडेल.