तैपेईत एकच दिवस मोकळा आहे. शहराला लागूनच असलेल्या बांच्याओमधला लिन कुटुंबाचा वाडा आणि बाग पाहावी का?

जरूर पाहा, आणि अर्धा दिवस त्याच्यासाठीच ठेवा. तासाभरात उरकून पुढे जायचं असेल तर मात्र नका जाऊ. मेट्रोच्या निळ्या मार्गावर फुझोंग स्थानकात उतरा, तिथून चालत जाता येतं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाग बंद असते.

लिन घराणं मूळचं समुद्रापलीकडच्या, चीनच्या फूजियान प्रांतातल्या झांगचौचं. तैवानात येऊन लिन पिंगहोउ तांदूळ आणि मिठाच्या व्यापारात अफाट श्रीमंत झाला. त्याच्या मुलांनी १८५०च्या सुमारास बांच्याओत वाडा बांधला. बागेला आजचं रूप पिंगहोउचा नातू लिन वेइयुआनने दिलं, ते काम १८९३मध्ये संपलं. १८९५ला बेट जपानच्या ताब्यात गेलं आणि तो चीनमधल्या शियामेनला निघून गेला. इतकी खपून केलेली बाग त्याला जेमतेम दोन वर्षं लाभली!

मला सगळ्यात आवडतं ते वडांच्या सावलीतलं तळं. काठाने उभे केलेले कृत्रिम डोंगर झांगचौच्या डोंगरांवर बेतलेले आहेत. पिढ्यान् पिढ्या तैवानात राहून, गडगंज होऊनही या माणसांना गावाकडचे डोंगर डोळ्यांसमोर हवे होते. गाव सोडून आलेल्या कुणालाही हे कळेल. तिथे निवांत बसा.

भिंतींमधल्या खिडक्या एकेक करून बघा. फुलपाखराच्या, वटवाघळाच्या आकाराच्या खिडक्या आहेत (वटवाघूळ तिकडे भाग्याचं लक्षण मानतात). त्यांतून पलीकडचा चौक थोडाथोडाच दिसतो, म्हणून पाय आपोआप पुढे वळतात. पाहुण्यांसाठी बांधलेलं लायछिंग हे दुमजली लाकडी दालन तर चुकवूच नका. शेतं न्याहाळायला बांधलेला मनोराही आहे, पण आता भोवती इमारतीच इमारती.

आज दिसतं त्यातलं बरंच डागडुजी करून उभं केलेलं आहे. १९४९च्या सुमारास चीनमधून आलेले निर्वासित बागेत संसार थाटून राहिले होते. १९७७मध्ये कुटुंबाने ती सरकारला दिली, मग दुरुस्ती होऊन १९८७पासून ती लोकांसाठी खुली झाली. कुटुंबाने नंतर बांधलेला पाच चौकांचा नवा वाडा मात्र पाडला गेला, याची मला फार हळहळ वाटते. तीन चौकांचा जुना वाडा शाबूत आहे. तो आतून मार्गदर्शकाबरोबर दाखवतात, म्हणून आत शिरतानाच त्याची वेळ विचारून घ्या आणि उरलेला वेळ बागेला द्या.