सुवॉनला येतोयस ना? मग ‘गूगल करीन’ हे विसर

तू विचारलंस, "ताई, मार्चमध्ये दक्षिण कोरियात, सुवॉनला एमएससाठी येतोय. कुठली ॲप्स टाकून घेऊ? बाकी सगळं गूगल करीनच." ॲप्सचं दोन ओळींत सांगून झालं असतं. एवढं लांब लिहितेय ते तुझ्या शेवटच्या वाक्यापायी, कारण सहा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणाले होते.

विमानतळाच्या बसमधून सुवॉनला उतरले तेव्हा हातात दोन बॅगा, त्यातली एक शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्यांनी भरलेली. खोली तिथून चालत पंधरा मिनिटांवर. गूगल मॅप्सवर चालत जायचा रस्ता विचारला, तर मिळेचना. बस आणि मेट्रो दाखवत होतं, पायी वाट नाही. मला वाटलं फोन बिघडला. शेवटी एका आजुम्माने (आपल्याकडे मावशी म्हणतो तशी) स्वतःचा फोन काढला, नेव्हर मॅप या इथल्या नकाशाच्या ॲपमध्ये पत्ता टाकला आणि गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत आली.

फोन ठीक होता. दक्षिण कोरियाचं उत्तर कोरियाशी युद्ध 1953 मध्ये शस्त्रसंधीवर थांबलं, शांतता करार झालाच नाही. त्यामुळे 1:5000 प्रमाणाचा बारीक नकाशा देशाबाहेर न्यायला सरकारची परवानगी लागते. गूगलने तो 2007 मध्ये मागितला, 2016 मध्ये पुन्हा मागितला, तेव्हा सरकारने नाही म्हटलं. 2025 मध्ये परत अर्ज केला. माझं मात्र या सगळ्यात कधी अडलं नाही, कारण नेव्हर मॅप आणि काकाओ मॅप गल्लीतला जिनासुद्धा दाखवतात. नेव्हर मॅप इंग्रजीतही चालतं.

नेव्हर म्हणजे इथलं सर्च इंजिन, 1999 चं. त्याच्या हिरव्या चौकटीवरून लोक त्याला ‘चोरोकचांग’, म्हणजे हिरवी खिडकी म्हणतात. त्या काळी इंटरनेटवर कोरियन मजकूरच थोडा होता. शोधणार तरी काय? म्हणून 2002 मध्ये नेव्हरने ‘जिशिकिन’ काढलं: तुम्ही प्रश्न टाका, दुसरा कुणीतरी उत्तर देईल. आपल्या सोलापूरच्या पार्क चौकातल्या पानटपरीसारखंच, विचारलं की चार जण पुढे येतात आणि त्यातल्या दोघांना खरंच माहीत असतं. मागोमाग नेव्हरचे ब्लॉग आले, ‘कॅफे’ नावाचे गट आले. भाड्याची खोली, डॉक्टर, जुनी सायकल, सगळी चर्चा तिथेच. बरेच कॅफे सभासदांपुरते असतात, त्यांच्या आत गूगलला वाव नाही. म्हणजे उत्तर लिहिलेलं असतं, पण तुझ्या सवयीच्या चौकटीत ते येतच नाही.

इथे गूगल कुणी वापरत नाही असं मात्र समजू नकोस. आमच्या लॅबमधली पोरं कोड आणि शोधनिबंधांसाठी गूगलवर आणि जेवायला कुठे जायचं यासाठी नेव्हरवर असतात. कोण पुढे, याचे आकडे मोजणाऱ्यागणिक बदलतात. काही मोजण्या शोधातून दुसऱ्या साइटवर गेलेले लोक धरतात, आणि नेव्हरवाला तर नेव्हरच्याच ब्लॉगवर, नेव्हरच्याच दुकानात फिरत राहतो. तो मोजला जाणार कसा?

आता भाषेचं. तू अशोक चौकातला, म्हणजे घरी तेलुगू बोलत असशील. मग तुला हे सांगायलाही नको: पूर्व भागातल्या दुकानात तेलुगूत विचारलं की भाव वेगळा, मराठीत विचारलं की वेगळा. नेव्हर तसंच. इंग्रजीत ‘सुवॉन रूम’ टाकलंस तर परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या महागड्या चार जाहिराती. तेच हंगुलमध्ये, म्हणजे कोरियन लिपीत, टाकलंस की खरा बाजार. हंगुल लिपी आठवड्यात येते, उगाच घाबरू नकोस. तोवर पापागो वापर. ते नेव्हरचंच भाषांतराचं ॲप, नाव एस्पेरांतो भाषेतलं, अर्थ पोपट. त्यात हिंदी आहे, मराठी नाही.

एक सावधगिरी. नेव्हरवरचे ‘फार सुंदर, फार चविष्ट’ छापाचे ब्लॉग पुष्कळदा फुकट जेवण घेऊन लिहिलेले असतात. शोधताना शेवटी ‘नेदोन-नेसान’ जोड. ‘माझ्या पैशाने मी घेतलं’ असा त्याचा अर्थ. हल्ली जाहिरातवालेही तोच शब्द लावतात म्हणा, पण थोडं तरी गाळलं जातं. मॅपवरचे बिलाची पावती दाखवून लिहिलेले अभिप्राय त्यापेक्षा भरवशाचे.

तू परदेशी निघालेल्या मित्र-नातेवाइकांचंही विचारलंस. एमबीबीएसला रशियाला चाललेल्याला सांग, यांडेक्स टाकून घे: शोध, नकाशा, टॅक्सी, सगळं त्यात. 1997 पासून ते टिकलं त्यात रशियन व्याकरणाचा मोठा हात आहे. आपण सोलापूर, सोलापुरात, सोलापूरहून करतो तसं ते मस्क्वा, मस्क्वे, मस्क्वू करतात. ही सगळी एकाच शब्दाची रूपं, हे यांडेक्सला सुरुवातीपासून कळत होतं. शिवाय मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या रशियन सरकारी खात्याशी झालेल्या 2017 च्या समझोत्यानंतर तिथल्या अँड्रॉइड फोनवर सर्च इंजिन निवडायची सोय गूगलला द्यावी लागली. जपानला जाणाऱ्या मावसभावाला फार काही शिकायला नको. याहू जपान अजून जोरात आहे, पण 2010 मध्येच त्यांनी गूगलचं शोधयंत्र घ्यायचं ठरवलं. पाटी वेगळी, भटारखाना तोच.

खरी काळजी तुझ्या टॉवेल कारखानावाल्या काकांची, जे यंत्रमाग बघायला चीनला निघालेत. गूगलने 2010 मध्येच आपला चीनमधला शोध हाँगकाँगला वळवला. आता हॉटेलच्या वायफायवर गूगल, जीमेल, व्हॉट्सॲप काहीच उघडत नाही. भारतातल्या सिमचं रोमिंग घेतलं तर मात्र बहुतेक उघडतं, कारण तो डेटा आपल्या कंपनीच्या वाटेने जातो. पण उघडलं म्हणून गूगलच्या नकाशावर विसंबू नये. चिनी नकाशे मुद्दाम सरकवलेल्या अक्षांश-रेखांशावर असतात, त्यामुळे खूण काहीशे मीटर भलतीकडे पडते. काकांना म्हणावं, कारखान्याचा पत्ता चिनी लिपीत लिहून घ्या आणि बायडू किंवा गाओदेच्या नकाशात टाका.

आता तुझ्याकडे वळते. नेव्हर आणि काकाओची खाती सोलापुरातच उघडून ये. इथे आल्यावर त्यातल्या बऱ्याच सोयींसाठी ओळखपडताळणी लागते आणि ती तुझ्या नावावरच्या कोरियन फोन नंबरवरून होते. परदेशी नागरिकांना इथे मिळणारं ओळखपत्र, बँक, सिम, तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग, क्रम, मधली जागा अगदी तंतोतंत एक हवी. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी आगगाडी यांच्या चौकटीत मावत नाही. माझं नाव सिमच्या दुकानात वडिलांच्या नावाच्या मध्येच तोडलं होतं. पुढे दोन महिने माझी पडताळणी होईना आणि साधं ऑनलाइन तिकीटही निघेना. दुकानातून बाहेर पडायच्या आधी कागदावरचं नाव पासपोर्टशी एकेक अक्षर ताडून बघ.

आणि घरमालकाला आजच निरोप धाड: पत्ता हंगुलमध्ये पाठवा. तो नेव्हर मॅपवर टाकून घरबसल्या बस थांब्यापासून दारापर्यंतची वाट बघून ठेव. मधे चढ असेल तर बॅग एकच आण.