सिस्टमडी काढून टाकू का?

प्रश्न: सर, देवगडला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. पावसात लाइट दिवसातनं चार-पाच वेळा जाते आणि इन्व्हर्टरची बॅटरी दमलीय, त्यामुळे कॉम्प्युटर परत परत चालू करायला लागतो. डेबियन लिनक्स वापरतो. गेल्या महिन्यात त्याच डिस्कवर बाजूला दुसरं एक लिनक्स टाकून बघितलं, तेव्हापासून डेबियन चालू होताना दीड मिनिट नुसतं अडकून राहतं आणि इकडे सातबाऱ्याला आलेली माणसं भिजत उभी. रत्नागिरीचा मित्र म्हणतो हे सगळं सिस्टमडीमुळे, म्हणजे लिनक्स चालू होताना बाकीचं सगळं उठवणाऱ्या प्रोग्राममुळे, तो काढून टाक. काढू का? आणि हे आपल्याला आधीच निवडायला का देत नाहीत?

उत्तर: दादा, दीड मिनिट म्हणालात तिथेच खूण पटली. सिस्टमडी न सापडणाऱ्या डिस्कची वाट बघतं ती सहसा 90 सेकंद. दुसरं लिनक्स टाकताना स्वॅप पार्टिशन (मेमरी कमी पडली की वापरायचा डिस्कचा तुकडा) बहुतेक नव्याने फॉरमॅट झालं, त्याचा यूयूआयडी म्हणजे ओळख नंबर बदलला आणि डेबियनच्या एफएसटॅब फाईलमधे (/etc/fstab, चालू होताना काय काय जोडायचं त्याची यादी) जुनाच राहिला. रूट म्हणजे ॲडमिन होऊन बीएलकेआयडी (blkid) कमांड द्या, नवा नंबर दिसेल, फाईलची एक कॉपी काढून ठेवा आणि मगच बदला.

आता निवडीचं, कारण मित्राचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. कर्नलनंतर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानंतर, पहिला चालू होतो तो हा प्रोग्राम, बाकीच्या सगळ्या सर्विसेस (मागे चालणारे प्रोग्राम) तोच उठवतो, तेव्हा तो कुठला असावा यात वापरणाऱ्याला मत हवंच असं मला मनापासून वाटतं. डेबियनच्या टेक्निकल कमिटीने 2014 मधे सिस्टमडी निवडलं, 2015 च्या डेबियन 8 पासून ते डिफॉल्ट झालं, आणि ज्यांना पटलं नाही त्यांनी देवुआन नावाचं लिनक्स वेगळं काढलं. 2019 ला डेबियनच्या डेव्हलपर लोकांनी परत मतदान केलं, तेव्हा भर सिस्टमडीवरच राहिला पण दुसऱ्या पर्यायांवर काम करणाऱ्यांना वाट मोकळी ठेवली. पण नुसती वाट ठेवून भागत नाही हो, प्रत्येक सर्विसची स्टार्ट स्क्रिप्ट कुणीतरी लिहायला लागते, दर अपडेटला चालवून बघायला लागते, तो माणूस नसला की मेनूत नाव असतं आणि सर्विस चालू होत नाही. सिस्टमडीमधला लॉगिनचा भाग तर डेस्कटॉपला इतका लागतो की तो सुटा काढून ईलॉगइनडी वेगळं करायला लागलं.

म्हणून चालत्या मशीनवर, तेही धंद्याच्या, हे बदलू नका, डेस्कटॉपची अर्धी पॅकेजंही सोबत निघून जाऊ शकतात. निवडायचं ते इन्स्टॉल करतानाच. देवुआनमधे सिस्टमडीऐवजी सिसव्ही-इनिट, ओपनआरसी, रनिट मिळतं, आर्टिक्स या दुसऱ्या लिनक्समधे एस-सिक्स आणि डीनिटसुद्धा. घरी जुना लॅपटॉप असेल तर त्यावर हौसेने करा, मात्र दुकानातला प्रिंटर आणि स्कॅनर तिथे जोडून बघा.

एफएसटॅब सुधारूनही अडकलं तर सिस्टमडी-ॲनालाइझ ब्लेम (systemd-analyze blame, कशाला किती वेळ लागला ते दाखवणारी कमांड) चालवा आणि वरच्या चार-पाच ओळी लिहून पाठवा, पुढच्या अंकात बघू. बॅटरी मात्र गणपतीआधी बदलाच, अशी अचानक लाइट जाऊन डिस्कवरचा डेटा बिघडतो, त्याला कुठलंच इनिट, म्हणजे सिस्टमडीसारखा पहिला चालू होणारा प्रोग्राम, काही करू शकत नाही.