मोको, हाका आणि आपले घुमट

गोव्यातल्या फोंड्याहून न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला नोकरीसाठी येण्यापूर्वी कळंगुटला दंडावर इथल्या मूळ रहिवाशांची, म्हणजे माओरींची, नक्षी गोंदवून घ्यावी का, आणि इथल्या दिवाळीच्या कार्यक्रमात आपल्या मंडळींनी हाका हा माओरींचा आवेशपूर्ण समूहनाच सादर केला तर चालेल का, असे दोन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. पहिल्याला माझा ठाम नकार आहे. मोको, म्हणजे माओरींचे हे पारंपरिक गोंदण, हा निव्वळ अलंकार नव्हे. त्यात त्या माणसाची वंशावळ आणि कुळाशी असलेले नाते कोरलेले असते. शिरगावच्या लईराईच्या जत्रेत व्रत पाळून, तळीवर स्नान करून होमकुंडातून जाणाऱ्या धोंडाच्या, म्हणजे देवीच्या भक्ताच्या, हातातली गोंडे लावलेली वेताची काठी उद्या कोणी बागा किनाऱ्यावर शोभेची वस्तू म्हणून विकायला मांडली, तर आपल्याला जे वाटेल, तेच इथल्या माणसाला परक्या दंडावर आपल्या पूर्वजांची नक्षी पाहून वाटते. गोंदवायचेच असेल, तर इथे आल्यावर माओरी कलाकाराकडून किरितुही करून घ्या. ते वंशावळ न सांगणारे, इतरांनाही चालणारे गोंदण आहे.

हाकाची गोष्ट थोडी वेगळी आहे. ‘का माते’ हा प्रसिद्ध हाका न्गाती तोआ जमातीचे प्रमुख ते राउपराहा यांनी १८२० च्या सुमारास रचला आणि त्याच्या व्यावसायिक प्रकाशनात किंवा प्रसारणात त्यांचा व जमातीचा उल्लेख करणे २०१४ च्या कायद्याने आवश्यक केले. मंचावर तो सादर करायला कायद्याची आडकाठी नाही; तरीही अर्थ जाणून न घेता, नुसती जीभ बाहेर काढून टाळ्या मिळवणे मला मुळीच पटत नाही. न्गाती तोआची मंडळी जवळच पोरिरुआत आहेत, त्यांना आधी विचारा. आपुलकीने विचारणाऱ्याला इथली माणसे सहसा स्वतःहून शिकवतात. आमच्या कार्यालयातल्या एका माओरी बाईंनी आम्हाला वाइआता, म्हणजे त्यांचे गीत, शिकवले. तेव्हा आधी प्रत्येक ओळीचा अर्थ, मग उच्चार, मग ते कोणाच्या भाषणानंतर म्हणायचे हे सांगून झाल्यावरच त्यांनी चाल सांगितली. याला मी देवाणघेवाण म्हणतो.

तिच्यात आपणही काही द्यायला हवे. गणपतीच्या आरतीत घुमणारे आणि ख्रिस्ती घरांतल्या मांडो या गीतप्रकारालाही साथ करणारे घुमट, हे आपले कातडे ताणलेले मातीचे वाद्य, दिवाळीला अवश्य वाजवा. मात्र घोरपडीच्या कातड्याचे आणू नका, ते बेकायदा आहे. बकऱ्याच्या कातड्याचे असले, तरी इथे उतरताना जैवसुरक्षेच्या अर्जात त्याची नोंद करावीच लागते.